वेड्या बाभळीचे काय करायचे, आणि चुकले तर भरायचे कोणी?

सांगोल्यात टँकर सुरू झाले की दोन वाद हमखास सुरू होतात. एक टेंभू-म्हैसाळच्या पाण्याचा, दुसरा वेड्या बाभळीचा. पहिल्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी दुसऱ्यावर लिहितो आहे, कारण या वादात दोन्ही बाजू मोठ्या आवाजात बोलतात आणि ज्याचे नुकसान व्हायचे आहे तो माणूस त्या वेळी मेंढरे घेऊन रानात असतो.

एक बाजू म्हणते, ही बाभूळ विहिरी आटवते, गवत मारते, तिचा काटा पायात गेला तर पू करतो आणि चाकात गेला तर टायर बसवतो. जेसीबी लावा आणि माण नदीच्या पात्रापासून गायरानापर्यंत एका वर्षात साफ करा. दुसरी बाजू म्हणते, झाड आहे, सावली देते, सरपण देते, या उजाड तालुक्यात तेवढेच काय ते हिरवे दिसते. ती पाणी पिते हे आधी सिद्ध करा, मग हात लावा. माझे म्हणणे असे की दोन्ही बाजू एकाच प्रश्नाला बगल देतात. या झाडाबद्दल काही गोष्टी पक्क्या माहीत आहेत, काही नाहीत. जे माहीत नाही ते माहीत नसतानाच निर्णय घ्यायचा आहे. तो कसा घ्यायचा?

आधी पक्के काय ते पाहू. हे झाड मूळचे मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातले. 1877 मध्ये जमैकातून त्याचे बी आणून आजच्या आंध्रातल्या कडप्पा भागात लावले गेले. जळणाची टंचाई होती आणि हे झाड दुष्काळातही वाढत होते. 1940 मध्ये जोधपूर संस्थानाने त्याला शाही वृक्षाचा मान दिला. 1960 च्या सुमारास कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात वन विभागाने ते मुद्दाम लावले, रणाची खारट जमीन पुढे सरकू नये म्हणून. हे सगळे निर्णय घेणारे लोक मूर्ख नव्हते आणि दुष्टही नव्हते. त्यांच्यासमोर खरी अडचण होती. पण झाड पसरत सुटले तर काय, आणि परत कसे आणायचे, हे त्यांनी विचारले नाही. आपल्याकडे आज जे उभे आहे ते त्या न विचारलेल्या प्रश्नाचे पीक आहे.

त्याचे वागणेही पक्के माहीत आहे. पाल्याला जनावर तोंड लावत नाही, म्हणून ते चरण्याने कमी होत नाही. शेंग मात्र गोड असते. शेळ्या-मेंढ्या आणि गुरे ती आवडीने खातात, बी पचत नाही, ते शेणा-लेंडीतून खतासकट नव्या जागी पडते. बुंधा जमिनीलगत तोडला तर जमिनीखालच्या कोंबांतून चार-पाच फुटवे येतात आणि एका झाडाचे झुडूप होते. म्हणजे वरवर तोडणे हे उपटणे नाही. ती पेरणी आहे.

आता जिथे उत्तर एकच नाही ती गोष्ट. ही बाभूळ खोलवरचे पाणी ओढते हे खरे. पण त्यामुळे कोणत्या गावातली विहीर किती उतरते हे माती, खडक आणि पाण्याची पातळी यांवर ठरते. तामिळनाडूच्या किनारपट्टीचे उत्तर आपल्या मुरमाड माळाला जसेच्या तसे लागू होत नाही. गावात बोअर किती खोल गेले, डाळिंबाला आणि उसाला किती पाणी गेले, हे न मोजता सगळा आळ झाडावर घालणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. दुसरा खुला प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. झाड काढल्यावर तिथे काय येणार? गवत येईल, की जमिनीत पडून राहिलेल्या बियांतून पुन्हा तीच बाभूळ येईल, की गाजर गवत?

घाईने निर्णय घेतला की काय होते याची दोन उदाहरणे आपल्याच देशात आहेत.

पहिले तामिळनाडूचे. तिथे या झाडाला सीमै करुवेलम म्हणतात. 2017 च्या सुरुवातीला मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाच्या आदेशांनी ते उपटण्याची मोहीम जोरात सुरू झाली. जिल्ह्याजिल्ह्यांत यंत्रे लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये उच्च न्यायालयानेच मोहिमेला तात्पुरती स्थगिती दिली, कारण झाड काढल्याने पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास झाला आहे का, हा प्रश्न तेव्हा पुढे आला. राज्याचे आक्रमक वनस्पतींबाबतचे धोरण आले 2022 मध्ये. आधी यंत्र, मग स्थगिती, मग धोरण. हा क्रम उलटा आहे हे सांगायला न्यायाधीश लागत नाही.

दुसरे बन्नीचे. बन्नीचे मालधारी बहुतांश मुसलमान आहेत, पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखणारे. बाभूळ वाढली, गवत आटले, शेंगा खाऊन कांकरेज गाई आजारी पडू लागल्या आणि पुष्कळ घरांनी गाई सोडून म्हशी धरल्या. 2004 मध्ये गुजरातेत या बाभळीचा कोळसा करण्यावरची बंदी उठवली गेली. हेतू चांगला होता: लोकांना पैसा मिळेल आणि झाडही कमी होईल. पण मुळासकट काढण्याऐवजी वरून तोडणे सुरू झाले, आणि त्या भट्ट्यांत देशी झाडेही जाऊ लागली. 2008 मध्ये बंदी परत आली. मधल्या चार वर्षांत काही घरांचे पोट कोळशावर उभे राहिले होते. बंदी उठवताना त्यांना कोणी विचारले नाही आणि आणतानाही नाही.

"थांबा, अभ्यास होऊ द्या" म्हणणाऱ्यांनीही खूश होऊ नये. थांबणे हासुद्धा निर्णयच असतो आणि त्याचेही बिल येते. मे 2018 मध्ये कर्नाटकात शिवमोग्याकडे मक्यावर अमेरिकन लष्करी अळी सापडली. त्याच वर्षी ती सोलापूर जिल्ह्यात होती. मका गेला, ज्वारीवर आली, उसावरही दिसली. पतंग वाऱ्यावर मैलोन्‌मैल उडतो, तो अहवालाची वाट बघत नाही. केनियात बारिंगो सरोवराकाठी हीच बाभूळ 1980 च्या दशकात लावली गेली होती. वीसेक वर्षांनी तिथल्या इलचामुस पशुपालकांनी सरकारवर दावा लावला आणि पुरावा म्हणून कोर्टात एक शेळी आणली. गोड शेंगा खाऊन तिचे दात गेले होते. बोळक्या तोंडाच्या शेळीला चरता येत नाही. पुरावा हवा म्हणणाऱ्यांना पुरावा मिळाला, पण तो मिळेपर्यंत कुरण गेले होते.

इथे एका शब्दाशी माझे भांडण आहे. तो शब्द म्हणजे "परकीय". शास्त्रात त्याला ठरावीक अर्थ आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण भाषणात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तो येतो तेव्हा सोबत "घुसखोर" येतो, "आपल्या मातीतले नाही" येते. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस आहे. असे शब्द कानावर पडले की मी जरा सावध होतो, आणि का होतो हे माझ्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. पण भावना बाजूला ठेवून नुसता हिशेब करू. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी हा आपल्या भागाचा अभिमान, पण ज्वारी मूळची आफ्रिकेतली. मिरची, टोमॅटो, मका, भुईमूग, सीताफळ अमेरिकेतून आले. ज्या डाळिंबावर सांगोल्याने घरे बांधली आणि ट्रॅक्टर घेतले, ते इराणच्या बाजूचे. आज शेतात सगळीकडे दिसणारा भगवा वाण राहुरीच्या कृषी विद्यापीठाने "गणेश" आणि "गुल-ए-शाह रेड" यांच्या संकरातून निवडला. या दोन नावांची एकत्र पाटी माझ्या वर्गात लावावी असे मला कधीकधी वाटते. जन्म कुठला यावर झाडाचा गुन्हा ठरत असेल तर आपल्या ताटात फार थोडे उरेल. झाड इथे आल्यावर काय करते, किती वेगाने पसरते, कोणाची जागा खाते, हे बघायचे. बाकी सगळे राजकारण.

आणि आपल्या लोकांनाही सांगतो. "परकीय" हा शब्द बोचतो म्हणून वेड्या बाभळीची वकिली करू नका. ती बन्नीच्या मालधाऱ्याच्या पोटावर आली आहे आणि आपल्याकडच्या धनगराच्याही. झाडाला धर्म नसतो. त्याच्या नुकसानीलाही नसतो.

मग निर्णय कसा करायचा? मला तीन प्रश्न पुरेसे वाटतात. हे पाऊल मागे घेता येईल का? चुकले तर कोण भरणार? आणि चुकले हे आपल्याला कळणार कसे?

पहिला प्रश्न. एक नवी जात मोकळी सोडणे हे मागे घेता येत नाही. एक तुकडा साफ करणे मागे घेता येते. फार तर बाभूळ पुन्हा उगवेल, ती तर फुकट उगवते. 1984 मध्ये गाजर गवत खाणारा मेक्सिकन भुंगा बंगळूरजवळ सोडला गेला. तो बाहेर सोडण्याआधी इतर पिकांवर तपासला होता. तरी पुढे तो सूर्यफुलावर दिसला आणि गदारोळ झाला. समिती बसली, भुंग्याच्या वापराला खीळ बसली, अखेर मोठा धोका नाही असे ठरून नव्वदच्या दशकाच्या शेवटी ती निघाली. सुदैव म्हणा. धोका मोठा निघाला असता तरी भुंगा परत बोलावता आला नसता.

कोणी म्हणेल, धाडसानेही कामे झाली आहेत. खरे आहे. 1926 मध्ये श्रीलंकेतून आणलेल्या किड्यांनी फड्या निवडुंगाची रानेच्या राने संपवली. मग बाभळीवरही एखादा किडा आणू या? इथे फरक बघा. निवडुंगाच्या कुळातले आपले स्वतःचे मोलाचे झाड नव्हते, त्यामुळे किड्याची भूक दुसरीकडे वळण्याची भीती कमी होती. वेड्या बाभळीचा जवळचा नातेवाईक मात्र आपल्याकडे आहे: शमी. दसऱ्याला जिची पूजा होते ती. राजस्थानात तीच खेजडी, वाळवंटातल्या माणसांचा आणि जनावरांचा आधार. वेडीला खाणारा किडा शहाणीलाही खाईल का, याचे उत्तर मिळाल्याशिवाय तो या देशात सोडणे म्हणजे नीम हकीम, खतरा-ए-जान.

यावरून एक साधा नियम निघतो. किती पुरावा हवा, हे चुकीच्या किमतीवर ठरवा. नवी जात दारात असेल, एखाद्या ओढ्यात चार झाडे दिसली असतील, तर पुराव्याची वाट न बघता उपटा. चूक झाली तर चार झाडे गेली. पण जी जात दीडशे वर्षांत हजारो चुलींशी आणि पोटांशी जोडली गेली आहे, ती एका फटक्यात काढू नका. आपण नेमके उलटे करतो. दारातल्याला आत घेतो आणि घरातल्यावर जेसीबी घालतो. उद्दिष्ट पूर्ण करण्यासाठी पटकन वाढणारी, जनावर न खाणारी रोपे माळावर लावली जातात. ती जगतात, म्हणून अहवाल चांगला दिसतो. जनावर खात नाही आणि पटकन वाढते, हे वेड्या बाभळीचेच वर्णन आहे ना? आपल्या जिल्ह्यात नान्नजला 1979 मध्ये माळढोक अभयारण्य झाले. माळढोकाला उघडा गवताळ माळ लागतो, आणि सरकारी कागदांत त्या माळाचे नाव "पडीक". पडीक म्हटले की कोणाला तरी तिथे झाड लावावेसे वाटतेच.

कायदाही बघा. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 च्या दुरुस्तीने आक्रमक परकीय जातींचे कलम आले. त्यांची आयात, व्यापार, बाळगणे आणि प्रसार रोखण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. चांगले झाले. पण व्याख्या भारताबाहेरच्या जातींपुरतीच आहे. घाटातले झाड उचलून माळावर लावले आणि ते माजले तर या कलमाच्या लेखी काही झालेच नाही. पुन्हा आधी जन्मस्थान बघितले, वागणे नंतर.

दुसरा प्रश्न, कोण भरणार. उज्ज्वला योजना 2016 मध्ये आली. शेगड्या घरोघरी गेल्या. तरी माझ्या वर्गातल्या काही मुलींच्या घरी अंघोळीचे पाणी आणि भाकरी आजही याच बाभळीच्या फाट्यांवर होते, कारण सिलिंडर भरायला पैसे एकदम लागतात आणि फाट्याला फक्त आईचा घाम. रायगडकडचे कातकरी मजूर उचल घेऊन कोळशाच्या भट्ट्यांवर येतात. उद्या पात्र साफ झाले तर यंत्राचे भाडे यंत्रवाल्याला मिळेल, लाकूड ठेकेदाराला मिळेल, फोटो पुढाऱ्याला मिळेल. त्या बाईला मिळेल दोन मैल जास्तीची पायपीट. आणि काहीच केले नाही तर धनगराचे गायरान दरवर्षी आणखी थोडे आत ढकलले जाईल. दोन्हीकडे अज्ञानाची किंमत तोच भरतो ज्याला कोणी विचारले नाही. फिकहच्या अभ्यासकांमध्ये एक जुना नियम चालत आला आहे: फायदा मिळवण्याच्या आधी नुकसान टाळा. मी त्यात एवढेच जोडेन की नुकसान कोणाचे, हे आधी नाव घेऊन सांगा.

तिसरा प्रश्न सगळ्यांत दुर्लक्षित आहे. चुकले हे कळणार कसे? आपल्याकडे मोहिमेचे उद्घाटन होते, मोजणी होत नाही. किती झाडे काढली याचा आकडा मिळतो. तीन वर्षांनी तिथे काय उगवले हे कोणी लिहीत नाही. मग पुढच्या दुष्काळात तोच वाद शून्यापासून सुरू होतो.

म्हणून माझी मागणी नुसती "काढा" किंवा "ठेवा" अशी नाही. ती अशी आहे.

गायरान आणि नदीपात्राचे तुकडे पाडा. पहिल्या वर्षी थोडेच तुकडे घ्या, तेही जिथे बाभूळ विरळ आहे आणि जुने गवत अजून तग धरून आहे तिथले, कारण तिथे यशाची शक्यता जास्त आणि खर्च कमी. झाड जमिनीखालच्या गड्ड्यासकट काढा. वरून तोडायचे असेल तर हातच लावू नका. त्याच पावसाळ्यात तिथे मारवेल, पवन्या, डोंगरी अशी इथलीच गवते पेरा आणि ती धरेपर्यंत चराई बंद ठेवा. त्या काळात मेंढपाळाच्या चाऱ्याची सोय आधी करा, नंतर नव्हे. एक-दोन तुकडे मुद्दाम तसेच ठेवा, म्हणजे तुलना करता येईल. जवळच्या विहिरींची पातळी दर महिन्याला दोरी टाकून मोजा. हे काम शाळेतली पोरेही करू शकतात, मी करून घ्यायला तयार आहे. लाकडातला पहिला हक्क सरपणवाल्या घरांचा ठेवा, उरलेले ठेकेदाराला द्या. गावाजवळचा एक पट्टा सरपणासाठीच राखा, शेंगा धरण्याआधी छाटत राहण्याच्या अटीवर. आणि सुरुवातीलाच लिहून ठेवा: तीन वर्षांनी गवत इतके आले नाही तर थांबायचे, आले तर पुढचे तुकडे घ्यायचे.

हे लिहिण्याची जागाही नव्याने शोधायला नको. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितले आहे. तुमच्या ग्रामपंचायतीत ती वही कुठे आहे आणि शेवटची कधी उघडली, हे एकदा विचारून बघा. तिच्यात या तुकड्यांची पाने घाला: तारीख, क्षेत्र, खर्च, कोणाला काय मिळाले, पुढे काय उगवले.

यावर एक आक्षेप येणार: हे फार हळू आहे. हो, हळू आहे. दीडशे वर्षे पसरत आलेले झाड एका आमदारकीच्या मुदतीत जात नसते. आणि घाईने साफ केलेल्या उघड्या जमिनीवर ते पहिल्यापेक्षा दाट येते, म्हणजे घाईच खरी दिरंगाई ठरते. दुसरा आक्षेप असा की गावाला एवढा हिशेब जमणार नाही. ज्या गावाला बाजारात जनावराचे दात बघून वय सांगता येते आणि डाळिंबाचा बहार कधी धरायचा हे पानगळीवरून ठरवता येते, त्या गावाला एक वही लिहिता येत नाही असे म्हणणाऱ्याने आधी गाव बघावे.

येत्या ग्रामसभेत हा विषय निघाला तर ठरावाला हात वर करण्याआधी हे तीन प्रश्न मोठ्याने विचारा. आणि सभेची वेळ अशी ठेवा की मेंढरे वाड्यात बसवून तो माणूस येऊ शकेल, चूल आटोपून ती बाई येऊ शकेल. झाडाबद्दल त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि निर्णय चुकला तर भरायचेही त्यांनाच आहे.